पोराच्या खणात सापडलेल्या मुरमांच्या ट्यूबा: ठेवू की फेकू?

विश्रामबागकर | ९ एप्रिल, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय किरकोळ वाटेल, पण आमच्याकडे रोज संध्याकाळी त्यावरून भांडी वाजतायत.

चिरंजीव सतरा वर्षांचे, अकरावीची परीक्षा नुकतीच आटोपली. दिवाळीपासून कपाळभर बारीक पुळ्या, गालांवर मुरूम, आणि आता हनुवटीवर दोन लाल, हात लागला तरी दुखणारे. तो स्वतः काही बोलत नाही. चुलतभावाच्या मुंजीचे फोटो आले, त्यात एकाही फोटोत हा सरळ कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आज खोली आवरताना टेबलाच्या खणात अख्खं मेडिकल सापडलं. सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, बेंझॉइल पेरॉक्साइडचं २.५ टक्के जेल (सील तसंच), क्लिंडामायसिनची अर्धी संपलेली ट्यूब, आणि चौथी एक गुलाबी खोक्यातली क्रीम. ती म्हणे दुकानदाराने "ही लाव, चार दिवसांत चेहरा चकाचक" म्हणून दिली. सगळं चिठ्ठीशिवाय. साठवलेले साडेआठशे रुपये गेलेत, ते वेगळंच.

सासूबाई म्हणतात जायफळ उगाळून लावा. नवरा म्हणतो वयाचं आहे, आपोआप जाईल. स्किनच्या डॉक्टरांकडे चल म्हटलं तर पोरगं दार लावून घेतं. यातलं काय ठेवू, काय फेकू?

पोवईनाका | ९ एप्रिल, रात्री १०:५०

ताई, या खणाचा मालक मीही होतो, फक्त साताऱ्यात आणि नऊ वर्षांपूर्वी.

मी बेंझॉइल पेरॉक्साइड आणलं ते थेट १० टक्के. अडीचपेक्षा दहा चौपट भारी, एवढंच गणित. तिसऱ्या दिवशी ओठांच्या कडेची कातडी सोलून निघाली, हसलो की चिरायची. त्यात डिसेंबरची कोरडी थंडी, आणि भरतीच्या तयारीसाठी पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढावर पळणं. घाम त्या चिरांत गेला की काय होतं ते विचारू नका. ट्यूब फेकली आणि वर्षभर कशालाच हात लावला नाही.

नंतर कळलं की अडीच आणि दहा टक्क्यांच्या गुणात फारसा फरक नाही. जळजळीत मात्र चांगलाच आहे. दुसऱ्यांदा अडीच टक्केवालं आणलं, एक दिवसाआड, रात्री, वाटाण्याएवढं. आणि मुरूम दिसला तिथे ठिपका असं नाही, जिथे जिथे येतात त्या सगळ्या भागावर पातळ. दोन महिन्यांनी माणसात आलो.

एक तोटा कोणी सांगत नाही तो सांगतो: हे रंग उडवतं. काकांकडे मुक्कामाला गेलो होतो, सकाळी त्यांच्या नव्या मरून टॉवेलवर माझ्या तोंडाचा नारिंगी नकाशा. काकू अजून लग्नाकार्यात चारचौघांत विषय काढतात. पांढरा टॉवेल, पांढरा अभ्रा, जुना बनियन. एवढं पाळा.

हळदीचं_पेव | १० एप्रिल, सकाळी ७:०५

सांगलीत राहून तोंडाला केमिकल फासायचं? इथल्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक ओळखीचा शिक्का) मिळाला, आत्ता यार्डात सौदे चालू आहेत, सगळा देश आपल्याकडून हळद नेतो आणि आपली पोरं ट्यूबा पिळतायत. हळद, बेसन, चार थेंब लिंबू. वीस मिनिटं ठेवून धुवायचं. साइड इफेक्ट शून्य.

रात्रपाळी | १० एप्रिल, सकाळी ८:३०

@हळदीचं_पेव, हळदीने सहसा कुणाचं वाकडं होत नाही. काहींना तिची ॲलर्जी येते, बाकीचे पिवळे होतात, मुरूम आपल्या जागी राहतात. लिंबाला मात्र शून्य साइड इफेक्ट म्हणू नका. रस लागलेली कातडी उन्हात गेली की भाजल्यासारखी होते, फोड येतात, मग महिनोन्महिने काळे पट्टे. एप्रिलात सांगलीच्या उन्हात हा प्रयोग कुणी करू नये. जायफळाचंही तेच. उगाळलेलं खरखरीत असतं, वर आपण ते चोळतो. चिडलेल्या मुरमाला ते नको.

(मी डॉक्टर आहे, त्वचारोगाच्या वॉर्डात काम केलंय. इथे बसून कुणाचा चेहरा तपासत नाहीये, सर्वसाधारण माहिती देतेय.)

हळदीचं_पेव | १० एप्रिल, सकाळी ८:४४

लिंबू मागे घेतो. हळदीवर ठाम.

औषधवाला | १० एप्रिल, दुपारी २:२०

दुपारी गिऱ्हाईक कमी असतं म्हणून सविस्तर लिहितो. कराडकडे एकोणीस वर्षं काउंटरला उभा आहे, तेव्हा आमच्या धंद्याची बाजूही ऐकाच.

पहिली गोष्ट, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधाला आपण सगळे "ओटीसी, ओटीसी" म्हणतो, पण आपल्या १९४० च्या औषध कायद्यात असा वेगळा वर्गच नाही. शेड्यूल एच या यादीत जे आहे त्याला चिठ्ठी लागते, त्याच्या लेबलवर 'आरएक्स' छापलेलं असतं. फेसवॉश, क्रीम यातलं बरंचसं कॉस्मेटिक म्हणून विकलं जातं. अमेरिकेत कसं, कुठलं औषध किती टक्क्यांपर्यंत सुटं विकायचं ते ठरलेलं असतं. बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ ते १०, सॅलिसिलिक अर्धा ते २ टक्के. ॲडापलीन हे मुरमांचंच औषध, त्याचं ०.१ टक्के जेल तिथे जुलै २०१६ पासून बारा वर्षांच्या पुढच्यांना चिठ्ठीशिवाय मिळतं. आपल्याकडे नियम काय आणि काउंटरवर काय चालतं, यातलं अंतर मी सांगायला नको. "मुरमाचं काहीतरी द्या" म्हणून येणारं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवायला फार थोडे दुकानदार तयार असतात.

म्हणून ताई, ब्रँडची नावं राहू द्या. त्या गुलाबी खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते भिंग घेऊन वाचा आणि इथे टाका. शेवट "-सोन" किंवा "-सोल" असलेलं काही आहे का? आणि किती दिवस लावलंय?

विश्रामबागकर | १० एप्रिल, संध्याकाळी ७:१५

वाचलं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. कोपऱ्यात आरएक्स पण आहे. बारा दिवस लावतोय म्हणाला. आणि खरंच फरक पडला होता हो, मलाही वाटलं होतं की जरा उजळ दिसतोय. काय आहे हे?

औषधवाला | १० एप्रिल, संध्याकाळी ७:३२

वाटलंच होतं. मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. ही तिघांची जोडगोळी वांगाच्या डागांसाठी, डॉक्टरच्या नजरेखाली, थोडे दिवस वापरायची असते. मुरमाचं औषधच नाही हे. स्टेरॉइड लाली आणि सूज दाबतं, म्हणून चार दिवसांत "चकाचक". बंद केलं की दुप्पट उसळतं, मग माणूस परत तीच ट्यूब मागायला येतो. मार्च २०१८ मध्ये केंद्राने १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, तरी गोरं होण्याच्या नादात ती खपतातच.

आजपासून बंद. क्लिंडामायसिन अँटिबायोटिक आहे, तेही आपल्या मनाने एकटं लावत बसायचं नाही.

मिरजेची_लेक | १० एप्रिल, रात्री ११:४०

लिहू की नको करत होते.

माझ्या धाकट्या बहिणीने लग्नाआधी अशीच क्रीम धरली. पार्लरमधल्या ताईने सांगितली होती. पहिल्या पंधरवड्यात कातडी अशी तुकतुकीत की आम्ही सगळ्याजणी नाव विचारत होतो. तिने लग्नात लावली, नंतर सवय म्हणून लावली, सात महिने. बंद केली की दोन दिवसांत तोंड आग आग, म्हणून परत सुरू. शेवटी गालांवर बारीक लाल शिरांचं जाळं दिसायला लागलं, गालावर लव वाढली, फोडणीच्या वाफेनेसुद्धा चेहरा लालबुंद व्हायचा. चुलीपुढे तर उभंच राहता यायचं नाही.

मिरजेत दवाखान्यांची काय कमी. पण ती लाजेने गेलीच नाही, "क्रीम लावल्यामुळे झालं" हे सांगायची चोरी. गेली तेव्हा डॉक्टरांनी बाकी सगळं बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला, कोणती ट्यूब आणि किती महिने. सावरायला वर्ष गेलं. शिरा अजून आहेत.

ताई, तुमच्या पोराचे बाराच दिवस झालेत. देवाची कृपा समजा.

तासगावचा_गडी | ११ एप्रिल, सकाळी ६:१०

आमचं वेगळंच झालतं. जिम लावली, प्रोटीन पावडर प्यायला लागलो. दोन महिन्यांत दंड फुगला आन् पाठीवर खांद्यावर ही मोठाली मुरमं. मित्र म्हणला रगात तापलंय, ताक पी. मग एका डॉक्टरनं विचारलं, व्हे पावडर घेतोस का? बंद करून बघ. बघितलं, निम्मं काम तिथंच झालं. समद्यास्नी असं होतंय असं न्हाई, पण जिममधी आमच्यासारखी चार पोरं हायत.

पाठीला अडीच टक्के जेल पुरायचं न्हाई, म्हणून बेंझॉइलचा वॉश सांगितलाता. अंघोळीआधी लावायचा, दोन-तीन मिनिटं गप उभं ऱ्हायचं, मग धुवायचा. सोप्पं काम. पांढरा टॉवेल मात्र पायजेच, पोवईनाका भावाचं खरं हाय.

अन् वैनी, पोरगं डोक्याला तेल चोपडतंय का? कपाळावरच्या बारीक पुळ्या असतील तर आधी ते बघा.

विश्रामबागकर | ११ एप्रिल, सकाळी ९:००

सासूबाई रोज रात्री चोपडून देतात. नातवाचं डोकं थंड राहावं म्हणून. आता हे कसं सांगायचं!

रात्रपाळी | ११ एप्रिल, रात्री ९:५५

ड्युटी संपवून बसलेय, आता जरा नीट लिहिते.

मुरूम म्हणजे चेहरा अस्वच्छ असं नाही. वयात येताना हार्मोन्समुळे तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचं बूच बसतं, आत क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू वाढतात आणि शरीर त्यावर चिडतं. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून बूच सैल करायला बरं. काळ्या-पांढऱ्या बारीक पुळ्यांवर चालतं, लाल दुखऱ्या मुरमावर फार अपेक्षा नको. शिवाय फेसवॉश अर्ध्या मिनिटात धुऊन जातो, त्यात औषध टिकणार कितीसं? ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते टाळावं.

बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारतं, आणि मुख्य म्हणजे जिवाणू त्याला सरावत नाहीत. क्लिंडामायसिनला सरावतात, म्हणून आम्ही ते बेंझॉइलच्या जोडीने देतो, एकटं नाही. ॲडापलीन बूच बसण्याच्या मुळावरच काम करतं, पण पहिले तीन-चार आठवडे कातडी सोलते, उन्हाला जपावं लागतं आणि गरोदरपणात ते वापरायचं नाही. गर्भारपणात काही लावायची वेळ आली तर ॲझेलिक ॲसिड त्यातल्या त्यात निर्धोक मानतात, तेही विचारूनच.

या सगळ्यांचा मोठा तोटा म्हणजे वेळ. आज वर दिसणारा मुरूम आत कित्येक आठवड्यांपूर्वी सुरू झालेला असतो. त्यामुळे कुठल्याही औषधाला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात, आणि पहिल्या पंधरवड्यात चेहरा आधीपेक्षा वाईट दिसू शकतो. सतरा वर्षांच्या मुलाला बारा आठवडे म्हणजे जन्म. चार दिवसांची क्रीम खपते ती म्हणूनच.

फोड, चेहरा सुजणं, श्वास अडखळणं असं क्वचित होतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियंत्रकांनी, २०१४ मध्ये बेंझॉइल आणि सॅलिसिलिक या दोन्हींबद्दल तसा इशारा दिला होता. नवीन काही आणलं की आधी तीन दिवस एखाद्-दुसऱ्या मुरमावर थोडंसं लावून बघायचं, मग बाकी चेहरा.

आता चिठ्ठीशिवाय कुठपर्यंत? बारीक पुळ्या, थोडे लाल मुरूम, खड्डे नाहीत, तिथपर्यंत. आत खोल गाठी, खड्डे पडायला लागलेत, मुलीची पाळी अनियमित आहे आणि हनुवटीवर केस वाढतायत, किंवा पोरगं माणसांत यायचं टाळतंय, तर डॉक्टर. शेवटचं कारणही पुरेसं आहे. ताई, फोटोत तोंड फिरवणारा मुलगा त्यात बसतो. आणि हनुवटीवरचे ते दोन मला नुसत्या वर्णनावरून आवडलेले नाहीत. खासगी नको असेल तर सांगली किंवा मिरजेच्या सिव्हिलची ओपीडी आहे, केसपेपर काढा आणि बसा.

आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या मात्र कुणी मित्राकडून घेऊन खाऊ नयेत. औषध उत्तम आहे, पण गर्भावर भयंकर परिणाम होतो आणि रक्ततपासण्या लागतात.

शंकासुर | १२ एप्रिल, सकाळी १०:२०

बेंझॉइलमधून बेंझीन तयार होतं, कॅन्सर होतो, असं वाचलं होतं. सगळे बिनधास्त सल्ले देतायत म्हणून विचारतो.

औषधवाला | १२ एप्रिल, दुपारी २:४५

रास्त प्रश्न. उष्णतेत बेंझॉइल पेरॉक्साइडचं थोडं बेंझीन होऊ शकतं हे खरं. २०२४ मध्ये त्यावर बराच गदारोळ झाला. अमेरिकेच्या एफडीएने ९५ उत्पादनं तपासली, मार्च २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर केला: नव्वद टक्क्यांहून जास्त उत्पादनांत बेंझीन सापडलंच नाही किंवा अगदी नगण्य होतं. मोजकी काही परत मागवली. म्हणजे भ्यायचं कारण नाही, पण निष्काळजीपणाही नको. तारीख उलटलेली ट्यूब वापरायची नाही, आणि मे महिन्यात स्कूटीच्या डिकीत टाकून गावभर फिरायचं नाही. डिकीत पेढेसुद्धा टिकत नाहीत.

पोवईनाका | १२ एप्रिल, दुपारी ३:०१

पेढ्यांचा विषय साताऱ्याच्या माणसापुढे जपून काढा. दुधाचा आणि मुरमांचा संबंध आहे म्हणतात ते खरं का हो डॉक्टर? कंदी पेढा सोडावा लागणार असेल तर मुरूम परवडले.

रात्रपाळी | १२ एप्रिल, रात्री १०:१०

दूध आणि भरभर साखर वाढवणारं खाणं यांचा संबंध काही पाहण्यांत दिसलाय, पक्कं कार्यकारण म्हणता येत नाही. एक पेढा खा. अर्धा किलो खाल्लात तर मुरमांच्या आधी दुसऱ्या डॉक्टरकडे जाल.

विश्रामबागकर | ३ मे, रात्री ९:३०

अपडेट. गुलाबी क्रीम बंद केल्यावर चौथ्या दिवशी चेहरा उसळला, अगदी तुम्ही सांगितलं तसा. त्यामुळे एक बरं झालं, पोरगं घाबरून स्वतःच म्हणालं चल डॉक्टरकडे. सिव्हिलला गेलो. डॉक्टरांनी ट्यूबांची पिशवी टेबलावर ओतायला लावली, क्रीम बाजूला सारली आणि नुसतं त्याच्याकडे बघितलं. हनुवटीवरचे दोन्ही मुरूम चाचपून बघितले, खोल गेलेले नाहीत म्हणाल्या. बाकी अडीच टक्के जेलच, एक दिवसाआड, साधं मॉइश्चरायझर, उन्हाचं क्रीम, आणि दर महिन्याला दाखवायचं. म्हणजे खणातली जी ट्यूब त्याने उघडलीच नव्हती, तीच! का उघडली नव्हती विचारलं तर म्हणे, "दुकानदार म्हणाला ही स्लो आहे."

आता तिसरा आठवडा संपतोय. नाकाच्या बाजूला कातडी निघतेय, मुरूम आहेत तेवढेच. काल म्हणाला, काही उपयोग नाही, बंद करतो.

पोवईनाका | ३ मे, रात्री १०:०५

नाकाची घडी आणि ओठांच्या कडा सोडून लावायला सांगा. आधी मॉइश्चरायझर, वर जेल. मी बंद केलं होतं ते याच आठवड्यात, तेवढं त्याला सांगा.

तासगावचा_गडी | ४ मे, सकाळी ६:२०

आरश्यात रोज मोजू नको म्हणावं. महिन्याला एक फोटू काढ, त्याच खिडकीत, त्याच वेळेला. तवाच फरक कळतोय.

हळदीचं_पेव | ४ मे, सकाळी ७:००

मी काही बोललेलो नाही.

विश्रामबागकर | २८ जून, रात्री १०:४०

अकरावा आठवडा. तासगावच्या भाऊंचं ऐकून मे, जून असे दोन फोटो काढले, दोन्ही खिडकीशी. कपाळ जवळजवळ साफ, तेल बंद केल्याचाही वाटा असणार. गालांवर नवीन फारसे येत नाहीत. हनुवटीवरच्या दोन्ही मुरमांचे तपकिरी डाग राहिलेत, डॉक्टर म्हणाल्या, वेळ लागेल, उन्हाला जप आणि नखं लावू नकोस. पूर्ण गेले असं नाही, परवाच एक नवा उगवला. पण त्याने स्वतःच जेल लावलं आणि झोपला, माझ्याशी भांडला नाही.

तेलावरून सासूबाई आठ दिवस बोलत नव्हत्या. आता तळपायांना लावून देतात, त्यावर तडजोड झालीय.

नुकसान एक. पांढरा अभ्रा घातला, टॉवेल पांढरा आणला, पण हा पठ्ठ्या उशी टाकून सासूबाईंनीच शिवलेल्या गोधडीत तोंड खुपसून झोपतो हे ध्यानात आलं नाही. त्यांच्या शालूच्या जांभळ्या तुकड्यावर चार फिकट गोल उमटलेत. साबण झाला, लिंबू झालं (फक्त गोधडीला!), डाग जात नाहीत. काही उपाय?

औषधवाला | २९ जून, दुपारी २:३०

तो डाग नाही ताई, रंगच गेलाय. धुऊन येणार नाही. तेवढ्यावर दुसरा तुकडा लावून टाका.

विश्रामबागकर | २९ जून, दुपारी ४:१०

विचारलं. म्हणतात, शालूचा शेवटचा तुकडा होता. काढलाय मात्र त्यांनी सुईदोरा.